महालक्ष्मी चुकीच्या बोळात

शनिवार, २२ नोव्हेंबर
मार्गशीर्ष लागला. यंदा चार गुरुवार. शेवटच्या गुरुवारी उद्यापन, त्याला सात सवाष्णी हव्यात. सात म्हणजे सातच. सासूबाईंनी एका वर्षी सहावर भागवलं होतं, म्हैस आटली.

अवघड काही नाही. श्री महालक्ष्मी महिला भजनी मंडळ आमच्याच घरी भरतं. अध्यक्ष, सचिव, खजिनदार मीच. दुसरं कोणी जबाबदारी घेत नाही. (विचारलेलं नाही. विचारून तरी काय घेणार.) दिवाळीत सूनबाईनं, म्हणजे सुकन्येनं, मंडळ मोबाइलच्या मॅपवर टाकलं. फुकट असतं म्हणाली म्हणून परवानगी दिली.

संकल्प: महिनाभर कोणावर चिडायचं नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
पहिला गुरुवार. बायका पाच. गेल्या साली खोली भरून दोघी उंबऱ्यावर बसायच्या. बाकीच्या गेल्या कुठं?

रेश्मा आमच्या समोरच राहते. तिच्या गॅलरीतून आमचा ओटा दिसतो. तिला विचारलं तर म्हणे, काकू, अहो निघालेच होते, पण मॅप लावला ना, त्यानं मागच्या बोळात गंगम्मांच्या दारात नेऊन सोडलं. तिथं आरती सुरूच होती. मग देवीसमोरून उठायचं कसं?

मोबाइल बघितला. खरंच की. आमच्या मंडळाचा लाल ठिपका मागच्या बोळात, गंगम्माच्या दारावर. म्हणजे दोष बायकांचा नाही, मॅपचा. भवानी पेठेत जन्म गेला तरी फोनला विचारल्याशिवाय बायकांचं पाऊल उचलत नाही. मेंदूला गंज चढलाय.

बोलताना रेश्माच्या हाताला साजूक तुपाचा वास येत होता. हात धुवायची पद्धतच उरली नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर
मॅपवाल्यांकडे तक्रार केली. सुकन्या म्हणाली, आत्याबाई, राहू द्या की, बायका काय लहान आहेत का. कामाचा कंटाळा, दुसरं काय. तिच्याकडून कुठं दाबायचं तेवढं समजून घेतलं आणि मजकूर मी स्वतः लिहिला. सविनय नमस्कार, विनंती विशेष, मंडळाची स्थापना, माझी मॅट्रिक, घराच्या चतुःसीमा. चौकोन लहान निघाला. चतुःसीमांतल्या दोनच बसल्या.

लगेच उत्तर: धन्यवाद, आम्ही तपासत आहोत. सभ्य माणसं दिसतात. रविवारपर्यंत होऊन जाईल.

रविवार, ३० नोव्हेंबर
झालं नाही. रविवारी सुट्टी असणार. मोबाइल बघायचा नाही असं ठरवलं.

बघितला. तिथंच आहे.

मंगळवार, २ डिसेंबर
ह्यांना सांगितलं, मॅपवाल्यांना आपलं दार ओळखू येत नसेल. हे टॉवेलच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून पेपर आणि कुजकट बोलणं एवढंच करतात. म्हणाले, ते तर उपग्रहातून बघतात, दार कसं दिसेल, गच्ची दाखव त्यांना.

आयुष्यात पहिल्यांदा उपयोगाचं बोलले. गच्चीवर भला मोठा गोल काढला, मधोमध लक्ष्मीची पावलं. रांगोळी महाग, म्हणून चुना. आता आंधळ्यालाही दिसेल.

हे वर येऊन बघून गेले. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत खाली उतरले.

बुधवार, ३ डिसेंबर
जोतिराम दूध घालायला आला. त्याला समोरच्या गच्चीवरून कोणीतरी सांगितलं असणार. म्हणाला, काकू, वर हेलिकॉप्टर उतरणार हाय की काय? तसं असंल तर आदी सांगा, म्हशी बुजत्यात.

अडाणी माणूस. उपग्रह आणि हेलिकॉप्टर यातला फरक समजावला. शेवटी म्हणाला, मग चुना कबुतरांनीच टाकला म्हनून सांगतो लोकांस्नी.

गुरुवार, ४ डिसेंबर
दुसरा गुरुवार. बायका तीन.

एवढ्या तिघींची तरी नीट सोय केली. आरतीआधी मंडळाचा वार्षिक हिशेब वाचून दाखवला. पारदर्शकता हवी. एकीचा डोळा लागला, तिला उठवून पुन्हा पहिल्यापासून वाचला. दुसरी म्हणाली, पंखा लावता का जरा. निरांजन विझतं म्हणून आमच्यात पंखा लावत नाहीत, हे तिला इतक्या वर्षांत कळू नये? प्रसादाला केळं. चकत्या नीट पातळ केल्या की एका केळ्यात मंडळ भागतं, वर नैवेद्याला उरतं. प्रसाद पोट भरायला नसतो.

मागच्या बोळातून हसण्याचा आवाज येत होता. भजनात हसतात कसलं? शिऱ्याचा वासही. खिडकी लावून घेतली. तिघींपैकी दोघी खिडकीकडंच बघत बसल्या.

शनिवार, ६ डिसेंबर
मॅपवाल्यांचं उत्तर आलं. आपली सूचना लागू करता आली नाही. कारण नाही, सही नाही, हुद्दा नाही.

सुकन्येनं खालमानेनं सांगितलं, आत्याबाई, दिवाळीत ठिपका मी आपल्याच दारावर टाकला होता. नंतर बऱ्याच जणींनी तक्रार केली की मंडळ इथं भरत नाही, मागच्या बोळात भरतं. म्हणून त्यांनी हलवला.

बऱ्याच जणी म्हणजे कोण? चुकून दाबलं असणार. या बायकांना कुकरची शिट्टी मोजता येत नाही, मोबाइल काय कळणार.

आता आपणही बरेच जण व्हायचं. ह्यांच्या फोनवरून एक तक्रार केली. हे म्हणाले, माझं नाव कशाला? म्हटलं, नाव घेत नाही, फोन घेते.

सोमवार, ८ डिसेंबर
जोतिरामच्या फोनवरून तक्रार करायला सांगितलं होतं. त्याला चहा दिला. (अर्धा. दूध त्याचंच, पण साखर आपली.)

येऊन सांगतो कसा, काकू, दाबलं की बरोबर. काल गंगम्माकडं दूध घालताना दाबलं. फोन म्हनला, तुमी ज्या जागी हुबं हाय तितंच मंडळ हाय का? आतनं टाळ वाजत हुते. म्या व्हय म्हनलं.

काल तिथं टाळ कशाला वाजत होते? गुरुवार नसतानाही वाजवतात? देवाला विश्रांती म्हणून नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर
तिसरा गुरुवार. एक.

गिरिजाबाई आल्या. डोळ्यांनी कमी दिसतं, मोबाइल नाही. भिंत चाचपत बरोबर आमच्या दारात आल्या. माझा मुद्दा सिद्ध झाला: मोबाइल नसेल तर माणूस बरोबर येतं. ह्यांना मुद्दाम बाहेर बोलावून दाखवलं.

आरती झाल्यावर गिरिजाबाई म्हणाल्या, बरं का गं, तुझ्याकडचं झालं, आता हात धरून गंगम्माकडं पोचव. तिकडं माझ्यासाठी खुर्ची ठेवत्यात.

सुकन्येनं पोचवलं. पोचवायला दोन मिनिटं पुरे, ही तासानं आली. विचारलं तर म्हणे मॅपनं फिरवलं. आमची सूनसुद्धा!

पुढच्या गुरुवारी उद्यापन. सात हव्यात. म्हैस आता नाही आमच्याकडे, पण देवी आटवायला दुसरं काही शोधेल.

शुक्रवार, १२ डिसेंबर
गंगम्माला समक्ष जाब विचारायला गेले. मुद्दे मनात पक्के केले होते.

दारातच ती, बर्री, बर्री अक्का, आत या की, हुबं का? तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. दर वाक्यात कानडी घुसवते. मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. म्हटलं, माझ्या मंडळाचा ठिपका तुमच्या दारावर आहे. ती इकडंतिकडं बघायला लागली. भिंतीवर हात फिरवला. मग म्हणाली, ठिपका व्हय? असला तर घेऊन जावा की अक्का, मला काय करायचाय? माझा फोन बटनाचा. त्यात नुसतं हॅलो येतंय.

नाटकी बाई. निघताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी हातात कोंबली. अन्नाला नाही म्हणू नये म्हणून घेतली. चटणीवर तेल सढळ. अशानं घर बुडतं.

भाकरी ह्यांनी खाल्ली. मी फक्त तपासून बघितली. दोनदा.

रविवार, १४ डिसेंबर
अक्कलकोटच्या स्वामींना नवस बोलले. ठिपका दारात आला तर नारळ. चांगला मोठा. (भाव बघून.)

शिवाय मॅपवाल्यांना शेवटची तक्रार, यावेळी माणुसकीच्या भाषेत. लिहिलं: दादा, तुमच्याही घरी आई असेल. तिच्या उद्यापनाला सवाष्णी आल्या नाहीत तर तुम्हाला कसं वाटेल?

मंगळवार, १६ डिसेंबर, सकाळी
आला! ठिपका आमच्या दारात आला! आपली सूचना मान्य केली आहे, धन्यवाद.

तिकडं कोणीतरी आईचं लेकरू बसलंय. चिकाटी लागते, ती या घरात फक्त माझ्याकडे. ह्यांना उठवून दाखवलं. म्हणाले, छान, आता झोपू का.

सुकन्येला विचारलं, आता बोल. ती म्हणाली, आत्याबाई, गुरुवारी मी जरा शिरा करू का? तूप मी आणते माहेरचं. म्हटलं, ठिपका आलाय, आता शिरा कशाला? देवी भावाची भुकेली असते.

तयारी: सातजणींना हळदकुंकू, फूल, फळ. केळी दोन आणली, उद्यापन आहे. व्रताची पोथी प्रत्येकीला द्यायची असते. पोथी एक आहे. देऊन लगेच परत घ्यायची. देण्याला महत्त्व.

गुरुवार, १८ डिसेंबर, दुपारी
खोली सारवल्यासारखी पुसली. सतरंजी टाकली. पंखा बंद. गर्दी झाली तर रेश्माला उंबऱ्यावर बसवणार. शिक्षा म्हणून.

गुरुवार, १८ डिसेंबर, रात्री आठ
बेल वाजली. नवी साडी नेसलेली बाई, हातात मोबाइल. ओळखीची नव्हे, होटगी रोडकडची असावी. मनात म्हटलं, बघा, मॅपचा प्रताप. या, या म्हणाले.

ती आत डोकावली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग, गंगम्मांचं मंडळ हेच ना? मॅप तर इथंच दाखवतोय.

तिला दारातच हळदकुंकू लावलं, चकती दिली आणि बोटानं मागचा बोळ दाखवला.

मग दोघी आल्या. दोघींचाही तोच प्रश्न. मग एक, तिच्यासोबत तिची जाऊ. ही जाऊ तर म्हणाली, फोन म्हणतोय पोचलो, पण भजनाचा आवाज मागून येतोय, मॅप चुकला वाटतं. तिलाही कुंकू लावलं, बोट दाखवलं. एक रिक्षातून उतरली. रिक्षावालाही विचारायला लागला, मावशी, शिऱ्याचं घर कंचं? शेवटी रेश्मा. समोरून आली, पण दारात थांबली नाही, नुसती वळली. तिला हाक मारून, पदर धरून कुंकू लावलं.

सात झाल्या. शास्त्रात सवाष्णीनं यावं असं म्हटलंय. बसावं असं कुठंही लिहिलेलं नाही, पोथी पुन्हा वाचून बघितली. उद्यापन विधिवत पार पडलं.

पण सातनंतरही थांबेनात. आरती म्हणू दिली नाही. दर कडव्याला बेल. बोट दाखवून दाखवून खांदा धरला. पंखा बंद ठेवूनही निरांजन विझलं, दार सारखं उघडत होतं ना.

सुकन्या हातात ताट घेऊन आली. म्हणाली, आत्याबाई, मी जाऊन येते हं. तिला आणायला हे गेले. दोघंही अजून आलेले नाहीत.

शुक्रवार, १९ डिसेंबर
सकाळपासून तीन बायका. एक काल राहिलेली पर्स विचारायला, एक डबा परत द्यायला, एक पुढच्या पौर्णिमेच्या भजनाची चौकशी करायला. तिघींनाही गंगम्मा हवी. तिसरीनं मलाच विचारलं, तुम्ही इथं मंडळाचं काम बघता का?

घरात माणसानं राहायचं की नाही? अकरा वाजता मोबाइल घेतला आणि मीच तक्रार लिहिली. स्वच्छ शब्दांत: मंडळ या जागी नाही. मागच्या बोळात गंगम्मा यांच्या दारी आहे. कृपया तात्काळ दुरुस्ती व्हावी.

डाळीला फोडणी देईपर्यंत उत्तर आलं. मान्य. आपल्यामुळे अनेकांना योग्य वाट सापडेल, धन्यवाद.

आधीच्या तक्रारीला इतके आठवडे लागले होते. ही मेली एका फोडणीत.

ठिपका खरोखर हलला का, याची खात्री करायला पाहिजे. हल्ली कोणावर विश्वास ठेवायची सोय नाही. संध्याकाळी मॅप लावून चालत निघाले. डावीकडे वळा म्हणाला, वळले. पोचलात म्हणाला.

बरोबर निघाला. गंगम्मा म्हणाली, बर्री अक्का, घामाघूम झालाय की, बसा. बसले. तिनं पंखा लावला.