व्याह्यांचं जॅकेट

९ मार्च
व्याही दवाखान्यात. अजून शुद्ध नाही. 

१० मार्च
डोळ्याला डोळा नाही. सारखं तेच दिसतं. कालचं पाणी काय सुंदर होतं — पाचवीच्या पुस्तकातल्या चित्रासारखं! मी सुकाणू धरून समुद्राची कविता म्हणत होतो. लेकीचे सासरे समोर बसून ताल धरत होते, मी अडलो की ओळ पुरवत होते. आम्हा दोघांच्या शाळा वेगळ्या, पुस्तक एकच. तिसऱ्या कडव्याला वारा फिरला. माझं लक्ष कवितेत. शिडाचा आडवा दांडा गर्रकन वळून त्यांच्या कानशिलावर बसला — आणि ते पाण्यात! दुसऱ्या होडीतले लोक धावले म्हणून वर तरी निघाले.
बुडू नये म्हणून घालायचं जॅकेट बाकाखाली होतं. कोरं करकरीत.

११ मार्च
वकील आला होता. पोरगेला, पण थेट बोलणारा.
"काका, जॅकेट घाला म्हणालात का त्यांना?"
म्हणालो होतो, "घालता का?" तीनदा. ते हसले — "अहो, त्यात मी भोपळा दिसतो!" पुढे माझी जीभ रेटेना. व्याह्यांना कोण दटावणार? लेक दिलीय त्यांच्या घरात.
"म्हणजे चहा घेता का विचारल्यासारखंच झालं! होडी हौसेची असली तरी चालवणारा कप्तान. त्याने हुकूम द्यायचा. ऐकलं नाही, तर होडी धक्क्यावरून सोडायचीच नाही. नाहीतर निष्काळजीपणा तुमचा. त्यांचं बरंवाईट झालं तर तुरुंगसुद्धा."
मग फाईल मिटत म्हणाला, "होडीत तुम्ही दोघंच होतात ना?"

१२ मार्च
लेकीचा फोन. "बाबा, इथे सगळे मलाच विचारतात, तुझ्या बाबांनी जॅकेट घालायला सांगितलं नव्हतं का? काय सांगू मी?" मागून जावईबापूंचा आवाज — "विचार, विचार ना!"
ही भाजी चिरायची थांबली. "सांगितलं होतं म्हणा की," हळूच म्हणाली. "पोरीला तिथे राहायचंय."
मी म्हणालो, "पोलिसांना सांगेन सगळं." फोन ठेवला.

१३ मार्च
जबाब दिला. "मी बजावलं होतं. जॅकेट घातल्याशिवाय बसू नका म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही." गुरुजींपुढे पाठ म्हणावा तसं, एका दमात. सही केली. वकिलाने पाठ थोपटली.
संध्याकाळी ती कविता आठवून पाहिली. पहिली ओळसुद्धा येईना.

१५ मार्च
व्याह्यांचा ताप उतरला म्हणे. होडीवर ताडपत्री टाकून आलो. पाण्याकडे पाहिलं नाही.

१७ मार्च
व्याही शुद्धीवर आले! त्या सकाळचं काही म्हणजे काही आठवत नाही त्यांना. जावईबापूंनी माझा जबाब वाचून दाखवला होता. मला पाहताच नळ्यांसकट हात जोडले. "अहो, तुम्ही एवढं बजावलंत आणि मी ऐकलं नाही. केवढ्या संकटात घातलं तुम्हाला! माफ करा."
लेक पायाशी उभी होती.
मी म्हणालो, "असू दे."