व्हेनिसमधली पवनचक्की

एल्म ग्रोव्ह, आयोवा
३ मे १९७४

चि. ऑरिन, ताईचे आशीर्वाद.

पडदा निम्मा उतरला आणि अडकला. मी, पाद्रीबाई आणि न्हावी फ्रँक दोराला लोंबकळलो, तेव्हा कुठे ऑपेरा हाऊसचा तो जुना पडदा धुळीच्या ढगातून खाली आला. मधे व्हेनिसचा कालवा, कडेने गावातल्या दुकानांच्या जाहिराती. आपल्या आजोबांनी रंगवलेला!

महापौर हॅव्हलिकांनी नाक मुरडलं. म्हणाले, व्हर्नाबाई, असलं व्हेनिस आयोवातल्या गावोगावी लोंबतंय, त्यासाठी इमारत ठेवायची? वीस तारखेला मतदान. हरलो तर नाट्यगृह पाडून तिथे मोटारी उभ्या राहतील.

अकरा तारखेला आम्ही बायका बादल्या घेऊन पडदा धुणार आहोत. पाठ जप. माया असू दे.

तुझी व्हर्ना

सेलम, ऑरेगन
७ मे १९७४

ती. ताईस नमस्कार.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितो. बादली खाली ठेव! तो सरसात कालवलेला रंग आहे. पाणी लागलं की व्हेनिस तुझ्या बुटांवर येईल. शिळ्या पावाने पूस, हलक्या हाताने.

आधी चित्रातल्या उजवीकडच्या राजवाड्यामागे पूस. तिथे पवनचक्की असेल, आपल्या शेतातल्यासारखी. आजीने मला सांगितलं होतं, तू तेव्हा सासरी होतीस. तिने आजोबांना विचारलं, व्हेनिसला पवनचक्की कुठली? ते म्हणाले, एवढं पाणी आहे, उपसायला काहीतरी लागेलच की!

राग नसावा, लोभ असावा.

ऑरिन

एल्म ग्रोव्ह
२१ मे १९७४

चि. ऑरिन, आशीर्वाद.

बेकरीतला शिळा पाव संपला, पण पवनचक्की निघाली. चक्कीला वाऱ्याकडे वळवणाऱ्या शेपटीला आपल्या कोठाराचा लाल रंग.

काल बैठक पडद्यासमोरच भरवली. आधी फ्रँक हसला, मग सगळं नाट्यगृह. मी उभी राहिले. म्हटलं, हे रंगवणाऱ्याने समुद्र पाहिला नव्हता, तहानलेली गुरं पाहिली होती. असं व्हेनिस दुसऱ्या गावात दाखवा. मग इमारत ठेवण्यासाठी हात वर झाले. हॅव्हलिकांचाही. जाताना विचारतात, बाई, फिरते का ती? म्हटलं, तुमचं भाषण सुरू करा, वारा सुटेल.

आज सकाळी नगरपालिकेचा माणूस आला आणि दारावरची पाडकामाची नोटीस काढून घेऊन गेला.

तुझी व्हर्ना