विशेषांकावर बहिष्कार

३ जानेवारी
कॉलेजचा ईमेल. पंचाहत्तर वर्षं झाली म्हणे, माजी विद्यार्थ्यांचा विशेषांक काढताहेत. सोबत फॉर्म: ‘आपले कर्तृत्व, पन्नास शब्दांत.’ डोकंच फिरलं. पाणीपुरवठा खात्यात, मीटर विभागात, एकतीस वर्षं काढली. ती पन्नास शब्दांत? उद्या लिहायला बसतोच.

७ जानेवारी
बसलो नाही. बायको वर्कशॉपमधून उशिरा आली, मूड गेला. कृत्रिम पाय बनवतात तिथे. बाहीला प्लास्टर, केसांना प्लास्टर. फॉर्मबद्दल काहीतरी सांगत होती. म्हटलं, डिस्टर्ब करू नकोस.

१२ जानेवारी
बॅचचा ग्रुप उतू चाललाय. लंबू विमान चालवतो. कधी तोंड न उघडणारी ‘मुकी’ न्यायाधीश झाली. आणि बेडूक! माझ्या जर्नलवरून उतरवून पास झालेला बेडूक समुद्रजीव शास्त्रज्ञ. एका माशाला त्याचं नाव दिलंय. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी अंगठा टाकला. उलटा.

१९ जानेवारी
नऊ पानं झाली. अजून पहिल्या प्रमोशनपर्यंत पोचलो नाही. बायकोला वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर झोपली. दिवसभर उभी होते, म्हणे. मी काय दिवसभर आडवा असतो?

२३ जानेवारी
झालं तेवढं पाठवून दिलं होतं. आज अंकाच्या संपादकबाईंचा फोन. अठराशे शब्द झालेत म्हणाल्या. मी म्हटलं, मोजायला वेळ आहे तर वाचायलाही असेल. त्या म्हणाल्या, वाचलं, पण यात कर्तृत्व कितव्या पानावर आहे? फोन आपटला. मोबाइल असल्यामुळे काच गेली. आता बहिष्कार.

२ फेब्रुवारी
बहिष्कार ठाम. फक्त अंकाच्या प्रकाशन समारंभाला जाऊन, उभं राहून, सगळ्यांदेखत सुनावणार. कोट इस्त्रीला टाकला. बायको म्हणाली, मीही येणार आहे. ये म्हटलं, ऐकायला कुणीतरी हवंच.

९ फेब्रुवारी
अंक हातात दिला. मुखपृष्ठावर बायको.
ती आमच्याच कॉलेजची, दोन वर्षं मागे होती, हे मला माहीत आहे. कॉलेजला माहीत असेल असं वाटलं नव्हतं. चार हजार माणसं पायावर उभी केली, असं आत छापलंय.
मी सुनावायला उभा राहिलो. नेमकं तेव्हाच तिचं नाव पुकारलं. लोकांना वाटलं, मी तिच्या मानासाठी उठलो. मागोमाग अख्खा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. मलाही वाजवाव्या लागल्या.
परत येताना बसमध्ये म्हटलं, “सांगायचं तरी.”
“तीनदा सांगितलं,” ती म्हणाली. “तू लिहीत होतास.”
बसमध्ये लोक होते. घरी पोचल्यावर चांगलं भांडायचं ठरवलं होतं. ती आत गेल्यावर तिचं पान वाचलं. मग परत वाचलं.