यानाच्या गोधडीचं ठिगळ

३ मार्च, सोमवार

सगळ्यात आधी उगवली ती खालची इस्त्रीवाली. गिऱ्हाइकाचा शर्ट तसाच हातात! — "आजी, तुमचं मेलेलं यान बोललं! बातम्यांत दाखवतायत!" मागोमाग दुसऱ्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर, त्याच्या मागून त्याची बायको. दोघांचं भांडण चाललंय म्हणतात, पण माझ्या सोफ्यावर चिकटून बसली. बातमीच तशी! चहा करून करून सूनबाई टेकीला आली.

एकोणीस वर्षं गप्प होतं. फिरत फिरत पुन्हा सूर्याच्या बाजूला आलं, ऊन लागलं आणि जागं झालं म्हणे. कुठल्याशा मोठ्या अँटेनाने भलतंच काही ऐकायला कान लावला होता, तर मधेच हे आपलं टुक टुक! इतकं लांब आहे की निरोप पोचायला पाऊण तास, उत्तर यायला पाऊण तास. आमच्या ह्यांना नुसतं 'हो' म्हणायला एवढा वेळ लागायचा, त्या मानाने बरंच.

मग मी इतक्या वर्षांनी सगळ्यांना पुन्हा सांगितलं — त्याच्या अंगावरची गोधडी ह्या हातांनी शिवलीय. चंदेरी पापुद्रे, कांद्याच्या सालीहून पातळ. बारा पदर, प्रत्येकाच्या मधे जाळी. मशीन चालत नाही, हातमोजे घालून हाताने टाके. डॉक्टर म्हणाला, "टाके मीही घालतो आजी, पण माझे आठ दिवसांत काढावे लागतात!" हसून पुरेवाट झाली.

४ मार्च, मंगळवार

सकाळपासून गुणगुणतेय. सूनबाई म्हणाली, "आई, नातवंडं झाली तेव्हासुद्धा एवढ्या नाचला नव्हतात." खरं आहे. नातवंडं गप्प कधी होती!

५ मार्च, बुधवार

जाऊबाईंनी बातमी ऐकली असेल का?

७ मार्च, शुक्रवार

यानाच्या ऑफिसातून दोघं आली. एक उंच माणूस, एक चष्मेवाली मुलगी. मी उंचाला साहेब साहेब करत बसले — आणि साहेब निघाली ती मुलगी! चोवीस माणसं तिच्या हाताखाली. जीभ चावली मी. ती म्हणाली, "चालतं हो आजी. ह्यांनाही अधूनमधून साहेब झाल्यासारखं वाटू दे." उंच बिचारा बिस्किटात तोंड घालून बसला. मला आवडली मुलगी. बसते कशी ताठ!

काम असं होतं. तेवीस वर्षांपूर्वीचे कागद अर्धे सापडत नाहीत. आमच्या शिवणखात्यातल्या आम्ही दोघीच उरलोय, मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. "कागदावर आलं नाही असं काही आठवतं का?"

यानाच्या बॅटरीवर थर्मामीटर आहे. तो सांगतो, बॅटरीला पुरेशी ऊब आहे. तेव्हा येत्या बुधवारी ती भरायचा हुकूम सोडायचा. गार असताना भरली तर कायमची गेली. मग यान पुन्हा गप्प, आणि ह्या खेपेला उठायचं नाही.

मी विचारलं, "थर्मामीटर चिकटवलाय कुठे?"

तिने चित्रावर बोट ठेवलं. नेमकं तिथेच!

"आठवत नाही काही," म्हणाले. मी म्हणाले हे! चाळीस वर्षांपूर्वी कोण कुणाच्या लग्नात काय नेसून आलं होतं ते मला आठवतं.

९ मार्च, रविवार

पानाला तरी खरं सांगते.

बॅटरीवरचा तुकडा मी कापला. बसवायला गेले तर बोटभर तोकडा! नवा पापुद्रा यायला दीड महिना, आणि यान न्यायला गाडी आठवड्याने येणार. जाऊबाई खात्याच्या मुख्य. तोंडाला फडकं, बोलायची मनाई, तेव्हा त्यांनी डोळ्यांनीच खूण केली. मी ठिगळ लावलं. तेही पुरं बारा पदरांचं, चारी बाजूंनी वर चढवून. म्हणजे तिथे पदर झाले दुप्पट. जाऊबाईंनी कागदावर सही केली — कुठेही जोड नाही.

चार वर्षं छान उडालं. मग गप्प झालं. चौकशी आली. जाऊबाई माझ्या ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "कात्री तुझी, सही माझी. बघ काय होऊन बसलं." त्याच आठवड्यात लेकीकडे राहायला गेल्या, त्या गेल्याच. लग्नकार्यात दिसतात, पाठ करून बसतात. आणि मी यानाचं नाव काढणं सोडलं. चोराच्या मनात चांदणं. टीव्हीवर नुसता चंद्र दाखवला तरी मी उठून भांडी विसळायला जायची.

आता ते जिवंत आहे म्हटल्यावर वाटलं, सुटलो! कुठलं काय. ठिगळाखाली ऊब जास्त असणार, बाकीची बॅटरी गारच. गोधडी शिवणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायला नको. थर्मामीटर खोटं बोलत नाही, पण आपल्यापुरतंच बोलतो.

सांगावं तर जाऊबाईंची सही खोटी पडते, तीही ह्या वयात. न सांगावं तर बुधवारी यानाला मीच मारणार. दुसऱ्यांदा.

आधी त्यांना विचारावं म्हणून फोन केला. त्यांच्या नातीने घेतला. "आजी झोपलीय." सकाळी अकरा वाजता! मागे जाऊबाईंचा खोकला ऐकू येत होता. तो खोकला मी हजारांत ओळखीन.

१० मार्च, सोमवार

सांगितलं.

सूनबाईला घेऊन रिक्षाने त्यांच्या ऑफिसातच गेले. चष्मेवालीपुढे बसले आणि एका दमात सगळं ओकले. एवढंच बदललं — "मी लपवून लावलं ठिगळ. जाऊबाईंना दिसलंच नाही. त्यांचा काही दोष नाही."

तिने कागद पुढे केला. "काढून दाखवा." पेन्सिल घेतली आणि ठिगळ टाक्यांसकट काढून दाखवलं.

उंचाने लगेच फोन फिरवले. बुधवारचा हुकूम थांबवला. आधी दोन दिवस बॅटरीला यानातल्या हीटरने नुसता शेक द्यायचा, मग भरायची.

निघताना विचारलं, "ते गप्प झालं ते माझ्या ठिगळाने का ग?"

वाटलं होतं, नाही म्हणेल. माझी समजूत काढायला तरी. ती म्हणाली, "माहीत नाही आजी. ते अजून पुष्कळ बोललं पाहिजे, मग कळेल. कदाचित कधीच कळणार नाही."

खोटं बोलली नाही, म्हणून आणखीच आवडली.

११ मार्च, मंगळवार

सूनबाईने न सांगता माझ्या आवडीची भाजी केली.

१४ मार्च, शुक्रवार

भरली! बॅटरी भरली! चष्मेवालीचा स्वतःचा फोन. मागे माणसं नुसती ओरडत होती. शेक द्यायच्या आधी ठिगळापासून लांबच्या भागाचा दुसऱ्या कशावरून तरी अंदाज घेतला, तर बर्फ! "आजी, बुधवारी भरली असती तर संपलं होतं."

इस्त्रीवालीला मिठी मारली मी. तिच्या गिऱ्हाइकाचा सदरा मधे चुरगळला. पुन्हा करेल इस्त्री!

फोन अजून कानाशीच होता, चष्मेवाली सहज म्हणाली, "काल तुमच्या जाऊबाईंकडेही गेलो होतो. तुम्ही सांगितलंत ते त्यांना वाचून दाखवलं."

माझं हसू तिथेच आटलं.

१६ मार्च, रविवार

दार उघडलं तर जाऊबाई! एका हातात काठी, दुसरा नातीच्या खांद्यावर.

"मला आंधळी ठरवलंस होय? जन्मभर लोकांचे टाके तपासले, आणि मला ठिगळ दिसलं नाही?"

बसा म्हटलं. बसल्या. भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तू रेघेवरच कापलं होतंस, धाकटे. कापायची रेघ मी मारली होती. चुकून बोटभर आत. त्याच दिवशी लक्षात आलं होतं माझ्या."

तेवीस वर्षं!

उठून चहा टाकला. त्या घोट घोट प्यायल्या, एकदाही माझ्याकडे पाठ केली नाही. जाताना दारात अडल्या. "गुरुवारी येऊ का?" जाऊबाई विचारून कधी काही करतात!

गुरुवारी या, म्हटलं. बोलायचं आहे मला.