कुहीला दिलेली आज्ञा

प्रिय बाबा,

कुही गावच्या लोकांनी आपल्या नाटक मंडळीला प्रयोगाला बोलावलंय. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच. आणि तुमची राजाची भूमिका मीच करावी म्हणतात! परवा प्रयोग आहे. जीव थाऱ्यावर नाही, म्हणून तुम्हाला लिहून राहिलो.

तुमच्यासारखा नट विदर्भात झाला नाही. हे मुलगा म्हणून नाही, नट म्हणून सांगतो. काय तो आवाज! कामठीला माईक बंद पडला, तरी शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेला. तालमीत मला दटावायचात, "मागच्या म्हातारीले ऐकू गेलं पाहिजे गा, दिनू!" राजा मरायचा तेव्हा बाजूला उभा असलेला मी दर प्रयोगाला खरंच रडायचो.

त्याच आवाजानं घात केला, बाबा. आणीबाणीत परवानग्या देणाऱ्या सरकारी साहेबानं बजावलं, नसबंदीचा प्रचार करा, नाहीतर प्रयोगांची परवानगी विसरा. आणि तुम्ही कुहीला भर दरबारात, मुकुट घालून, शिबिरात जायची आज्ञा दिलीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि गेलेही हो!

आणीबाणी उठल्यावर कुहीचे शामराव नागपूरला, महाल भागातल्या आपल्या घरी आले. "महाराज, तुम्ही सांगतलं म्हून गेलतो. एकच पोरगी होती, ते तापात गेली." तुम्ही जेवत होतात. घास हातातच राहिला. एक शब्दही बोलला नाहीत.

ते गेल्यावर मी केवढा ओरडलो तुमच्यावर! "काहून बोलले नाही?"

"कोणत्या तोंडानं बोलू गा?" एवढंच म्हणालात. मी तुम्हाला भित्रा म्हटलं. त्यानंतर तुम्ही कुहीचं एकही आमंत्रण घेतलं नाही.

पण त्या प्रयोगात तुमचा प्रधान कोण होता, बाबा? मीच ना! "जशी आज्ञा, महाराज" म्हणत मीच वाकलो होतो. परवानगी गेली असती तर माझंही नाटक सुटलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. राग मात्र सगळा तुमच्यावर काढला. लाज वाटते आता.

तरी एक सांगू? रागावू नका. तुम्ही बोलायला पाहिजे होतं. शामराव भांडायला नव्हते आले. चुकलं, एवढंच त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.

परवा पडदा उघडायच्या आधी मी साध्या कपड्यांत लोकांपुढे जाईन. तुमचं नाव घेईन, माझं घेईन आणि आमचं चुकलं म्हणेन. शामरावांना निरोप धाडलाय, ते येणार आहेत. त्यांनी नाटक कर म्हटलं तरच तोंडाला रंग लावीन. नाहीतर नाटक न करता परत येईन. हे वचन देतो, बाबा.

तुमचाच,
दिनू