पट्टे असलेला सिंह

आई, आज टीव्हीवर वाघ-सिंहांच्या संकरातून झालेली पिल्लं दाखवत होते आणि मला नेरूळच्या मैदानात उतरलेली ती सर्कस आठवली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा सर्कशीत अजून वाघ-सिंह असायचे. बाप सिंह आणि आई वाघीण, असं एक जनावर तिथे आलंय, अशी तुर्भ्याच्या बाजारात जिथेतिथे चर्चा होती. तुला ते ऐकून भलतंच सुचलं. आपल्या देवघरातल्या तसबिरीत देवी वाघावर बसलेली, मामाकडच्या कॅलेंडरात सिंहावर. साताऱ्याहून आल्यापासून तुझा हा घोळ सुटला नव्हता. "आता कळलं गं," तू म्हणालीस, "दोन्ही खरंच हाय. देवीचं वाहनच आलंय." मी हसले. पण तू पिशवीत खण-नारळ घातलास तेव्हा माझं हसू मावळलं. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मला मूल नव्हतं, आणि नवस बोलायला तू एकही देव सोडला नव्हतास.

खेळ संपल्यावर तू थेट पिंजऱ्यांकडे निघालीस, मी चिडून मागोमाग. ते जनावर आडवं पसरलेलं, केवढं तरी थोरलं, अंगावर पुसट पट्टे, मानेवर विरळ आयाळ. त्याला पिंजऱ्यात धड वळताही येत नव्हतं. तू डोळे मिटून हात जोडलेस. त्याला खायला घालणारा माणूस हसला. "माई, इससे क्या माँगती हो? इसको खुद बच्चा नहीं होता. शेर-बाघिन का जोड़ लगाया, तो ऐसाच पैदा हुआ." तू डोळे उघडलेस. आधी त्याच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. मला तिथून पळून जावंसं वाटलं. "होत नसंल," तू त्या माणसाला ठणकावलंस, "त्यात त्येचा काय दोष? पोटभर खायला तरी घालता का न्हाय?" खण-नारळाची पिशवी तशीच काखोटीला मारलीस आणि माझा हात धरलास, तो बाहेर पडेपर्यंत सोडला नाहीस. घरी येऊन त्या खोबऱ्याची चटणी केलीस, खणाचं मला झंपर शिवलंस.

त्यानंतर तू मला कधी काही विचारलं नाहीस. उपास, नवस, अंगारे सगळं बंद. सासूबाईंनी विषय काढला की तूच त्यांना गप्प करायचीस. आई असावी तर अशी, असं सगळे म्हणायचे, मीही म्हणायचे.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तू जाऊनही आता जमाना झाला. म्हणून सांगून टाकते. मला मूल हवंच होतं, आई. तू विचारायचं सोडलंस तेव्हा खूप हलकं वाटलं, पण तू आशाही सोडलीस हे त्यातूनच कळलं. तुझ्याकडे आले की, पोळ्या लाटता लाटता, वाटायचं, हिनं एकदा तरी विचारावं, "यंदा काय गं?"