मुहूर्ताची मांडी

कुंभकोणम्

तीर्थरूप अण्णांस,

धाकट्या सेतूचा साष्टांग नमस्कार. (शब्दशः साष्टांग. सध्या मला पालथे पडणे आणि उभे राहणे एवढेच जमते. हे पत्र पालथे पडूनच लिहितो आहे, अक्षराला हसू नये.) तुमचा गुडघा कसा आहे, हे सविस्तर कळवावे. वसंतावहिनींनाही नमस्कार.

मला भगंदर झाले होते. हा शब्द लिहून एकदा खोडला. मग वाटले, डॉक्टरांना दाखवून झाले ते भावापासून काय लपवायचे. डॉक्टर शिवकामींनी कापाकापी न करता लेसर केला. बारीक तार आत सरकवतात आणि भगंदराची वाट आतून भाजत बंद करत येतात. "सर, लाजू नका, मी पेशंटचे चेहरे लक्षात ठेवत नाही," असे त्या म्हणाल्या, तेव्हा दुर्दैवाने भूल चढलेली नव्हती.

लोकांना मी 'कंबर' असे सांगितले. (अंतर फार नाही, तरी ते खोटेच.) परवा मरुदानल्लूरला भजनाला गेलो आणि बसता येईना म्हणून शेवटपर्यंत खांबाशी उभा राहिलो. नागलक्ष्मीमामी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "भक्ती बघा सेतूची! आणि आमचे हे? मांडी घातली की घोरायला लागतात." त्यांचे यजमान बिचारे उठून माझ्या शेजारी उभे राहिले. मी खुलासा केला नाही. हा अहंकार की नुसती लाज, यावर रोजनिशीत बरेच लिहिले. निकाल लागलेला नाही.

बाकी सर्व क्षेम.

तुमचा,
सेतू

ता. क. आमच्या मधुमिताचे लग्न पंधरवड्यावर आले. हवेच्या रिंगवर थोडा वेळ बसा, पण मांडीवर भार नको, असे डॉक्टर म्हणतात. (आपल्या पूर्वजांनी इथे येऊन मराठी टिकवली, पण नवरीला बापाच्या मांडीवर बसवून मंगळसूत्र बांधायची चाल इथली उचलली. त्यांना माझी कल्पना नसावी.) तरी तिला मांडीवर तुम्ही घ्यावे. गुडघ्याची चौकशी निव्वळ प्रेमापोटी नव्हती, हे नमूद करतो.

ता. क. दुसरा. मधुमिताने हे मागून वाचले. (पालथ्या माणसाला काही झाकता येत नाही.) म्हणते, "अप्पा, अण्णा पेरियप्पांची मांडी नको. मी भरतनाट्यम् शिकले ते कशाला? तुमच्या मांडीवर अधांतरी बसेन. नऊवारीत कुणाला कळतंय!" आत्ता ती खोलीत गुडघे वाकवून तशीच उभी आहे, पाय थरथरताहेत, आणि धाकटी गायत्री भटजींच्या चालीत मंत्र लांबवते आहे.

तेव्हा तुमची मांडी रद्द. फक्त माझ्या मागे उभे राहा. त्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी दिसले, तर कुणी विचारायच्या आत सांगून टाका : कंबर.